बाजारातले सुटे शेंगदाणे, तीळ, जवस, अळीव: भाजले की निर्धोक होतात का?

मृद्गंधा (प्रश्न)

नमस्कार. घरात एकमत होत नसल्यामुळे हा प्रश्न येथे मांडते आहे. जुलैच्या सुरुवातीला मी बाजारातून पाच किलो सुटे शेंगदाणे, एकेक किलो तीळ आणि जवस, आणि पाव किलो अळीव आणले. लेक बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, त्यामुळे लाडू, चटण्या आणि उपवासाचे पदार्थ यांसाठी हे सगळे नेहमीपेक्षा जास्त लागणार होते. शेंगदाणे पत्र्याच्या डब्यात भरून ओट्याखाली ठेवले. तीन आठवड्यांनी झाकण उघडले तेव्हा कुबट वास आला. ताटात पसरून पाहिले तर बहुतेक दाणे चांगले दिसत होते, पण मूठभर दाणे सुरकुतलेले होते आणि त्यांतले काही चिमटीत धरून दोन पाकळ्या वेगळ्या केल्यावर आतल्या पोकळीत करडी-हिरवट भुकटी दिसली. बाहेरच्या लाल सालीवर मात्र कसलीच खूण नव्हती.

सासूबाईंचे म्हणणे असे की वाईट दाणे निवडून टाकावेत आणि उरलेले खरपूस भाजून कूट करावे, कारण आगीपुढे कोणताही जंतू टिकत नाही. लेकीला बाळाला अंगावर पाजायचे असल्यामुळे मला ते पटत नाही, पण साडेचार किलो चांगले दिसणारे दाणे फेकणेही जिवावर येते. भाजल्याने नेमके काय जाते आणि काय उरते? तीळ, जवस आणि अळीव यांनाही हाच नियम लागू होतो का? आणि बंद पाकिटातला माल सुट्या मालापेक्षा खरोखर सुरक्षित आणि पौष्टिक असतो, की आपण केवळ पाकिटाचेच पैसे मोजतो?

प्रयोगशाळेतून

मी अन्नतपासणीच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम करतो आहे, म्हणून शेंगदाण्यापुरते सविस्तर लिहितो.

तुमच्या सासूबाईंचे म्हणणे जंतूंबाबत बऱ्याच अंशी बरोबर आहे, पण तुमच्या डब्यातला प्रश्न जंतूंचा नाही, बुरशीने मागे ठेवलेल्या विषाचा आहे. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस आणि तिच्या जवळच्या काही बुरशी शेंगदाण्यावर वाढताना अफ्लाटॉक्सिन नावाची द्रव्ये तयार करतात. कढईत बुरशी मरते, द्रव्य मात्र राहते, कारण त्याचे विघटन होण्यासाठी अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान लागते आणि तेवढ्या तापमानाला शेंगदाण्याचा कोळसा होईल. घरच्या भाजण्याने त्याचे प्रमाण काही अंशी घटते, परंतु त्यावर विसंबून राहण्याइतके घटत नाही. उलट खरपूस वासामुळे कुबटपणा झाकला जातो आणि कूट केल्यावर तर निवडण्याची शेवटची संधीही हातची जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात ठेवलेले आहे आणि त्याचा मुख्य मारा यकृतावर होतो.

आता निवडण्याविषयी. अफ्लाटॉक्सिन पोत्यात मिठासारखे सारखे पसरलेले नसते. हजारो दाणे पूर्ण निर्दोष असतात आणि एखाद्या दाण्यात प्रचंड साठा असतो. आपल्याकडे भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाची मर्यादा थेट खाण्याच्या दाण्यांसाठी किलोमागे १० मायक्रोग्रॅम आणि पुढे प्रक्रिया होणाऱ्या दाण्यांसाठी १५ मायक्रोग्रॅम आहे. अर्ध्या ग्रॅमच्या एका दाण्यात १५० मायक्रोग्रॅम विष असले, आणि याहून कितीतरी अधिक असल्याच्या नोंदी आहेत, तर तो एकटा दाणा दहा किलो माल १५ च्या मर्यादेपर्यंत नेतो. म्हणूनच निवडण्याचा उपयोग फार मोठा असतो आणि म्हणूनच तो अपुराही असतो. सुरकुतलेले, रंग बदललेले, किडलेले आणि फुटके दाणे काढले तर विषाचा मोठा वाटा निघून जातो, पण तुम्हीच पाहिले तसे काही दाण्यांची बुरशी पाकळ्यांच्या आतच असते आणि बाहेरून दिसत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. एखादाच दाणा खराब निघाला असता तर निवडून वापरा असे मी म्हटले असते. येथे संपूर्ण डब्याला वास आहे आणि मूठभर दाणे बिघडलेले आहेत, म्हणजे ओल सगळ्या मालात होती. पाचही किलो टाकावेत. दोन पाकळ्या वेगळ्या करून प्रत्येक दाणा तपासण्याची चिकाटी कोणात असेल तर गोष्ट वेगळी, पण बाळंतिणीच्या लाडवांसाठी तो हिशेब करू नये.

भुसारवाला

आमच्या घरात तीन पिढ्या भुसार मालाचा धंदा आहे. वरचे उत्तर बरोबर आहे, पण बुरशी तुमच्या ओट्याखाली आली असे समजू नका. ती बहुधा आधीच आली होती.

शेंग जमिनीखाली पोसते, त्यामुळे मातीतली बुरशी तिच्या सोबतच वाढते. काढणीच्या आधीच्या महिना-दीड महिन्यात पाऊस ओढ देतो आणि जमीन तापते, तेव्हा शेंगेला बारीक तडे जातात, किडा लागतो आणि बुरशीला आत वाट मिळते. त्यापुढचा प्रकार मी स्वतः अनेकदा पाहिलेला आहे. कडक वाळलेली शेंग फोडणीच्या मशीनमध्ये घातली की दाणा फुटतो, आणि अख्ख्या दाण्याला जो भाव मिळतो तो पाकळीला मिळत नाही. म्हणून काही ठिकाणी फोडण्याच्या आदल्या रात्री शेंगांच्या ढिगावर पाणी मारून वर ताडपत्री टाकतात. सकाळी दाणा अख्खा निघतो, वजनही थोडे वाढते, आणि तो ओलसर दाणा तसाच गोणीत भरला जातो. नीट वाळलेल्या दाण्यात सात-आठ टक्क्यांहून जास्त ओल नसावी. ओलसर गोण्यांची थप्पी लागली की मधल्या गोणीत हात घातल्यावर ऊब लागते. जुने हमाल ती ऊब लागताच गोणी बाजूला काढायला सांगतात.

घरी पारख करायची असेल तर दाणे मुठीत घेऊन ओंजळीत खुळखुळवावेत. कोरड्या दाण्याचा आवाज खणखणीत येतो, ओलसर दाण्याचा भदभद येतो. चिमटीत धरून साल चोळली की ती पापुद्र्यासारखी सुटली पाहिजे. दाताखाली दाणा कटकन तुटावा, दबू नये. आणि घेताना गोणीच्या तोंडाचा माल न घेता आतला हात घालून पाहावा. चांगला दुकानदार त्याला नाही म्हणत नाही. घुंगरू, स्पॅनिश, जाडा ही नावे जातीची आणि आकाराची आहेत, स्वच्छतेची नाहीत. सॉर्टेक्स केलेला माल मात्र थोडा महाग पडला तरी घ्यावा, कारण त्या यंत्रात रंगावरून डागी दाणे उडवले जातात. युरोपात थेट खाण्याच्या दाण्यांची मर्यादा किलोमागे केवळ ४ मायक्रोग्रॅम आहे, त्यामुळे निर्यातीचा माल कसून निवडला जातो. निवडून बाजूला पडलेला माल समुद्रात टाकला जात नाही, एवढेच मी येथे म्हणेन.

तिळाची गोष्ट निराळी आहे. तिळाला बुरशीपेक्षा धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि खळ्यावरच्या मातीतून येणारे जंतू यांचा धोका जास्त. पेंढ्या उभ्या करून वाळवतात, उलट्या करून झोडतात आणि तीळ जमिनीवर पडतो. पांढरे सफेद तीळ हवेत म्हणून तो पाण्यात भिजवून साल काढतात आणि पुन्हा वाळवतात. त्या वाळवणीत हयगय झाली तर धुतलेला तीळच अधिक घाण होतो. जंतू मारण्यासाठी तिळावर इथिलीन ऑक्साइड वायू सोडण्याचा उपाय काही जणांनी केला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने भारतातून आलेल्या तिळात त्याचे अवशेष सापडल्याचे जाहीर केल्यावर युरोपभर माल परत मागवला गेला. तिथली मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती आणि काही नमुन्यांत तिच्या हजारपटीहून अधिक अवशेष निघाले. हा वायू स्वतःच कर्करोगकारक आहे. साल्मोनेला, म्हणजे जुलाब-ताप आणणारा जंतू, टाळायला गेलो आणि दुसरेच घेऊन बसलो, असा तो प्रकार होता.

आहारविचार

पौष्टिकतेच्या प्रश्नाला वर कोणी हात घातलेला नाही, म्हणून मी आहारतज्ज्ञ या नात्याने त्यापुरते लिहिते.

मृद्गंधाताई, पाकिटाचा आणि पौष्टिकतेचा थेट संबंध नाही. संबंध आहे तो वयाचा, उजेडाचा आणि सालीचा. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि जवळपास निम्मा दाणा तेलाचा असतो. प्रथिने महिनोन्‌महिने टिकतात, तेल टिकत नाही. ते हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावते आणि दाणे खवट होतात, आणि त्या आधीच त्यातले ई जीवनसत्त्व खर्ची पडू लागते. कुबट आणि खवट या दोन शब्दांत आपल्याकडे गल्लत होते. कुबट वास ओलीचा आणि बुरशीचा असतो. खवट चव तेल बिघडल्याची असते आणि ती अगदी कोरड्या, बुरशी नसलेल्या दाण्यालाही येते. काचेच्या बरणीत फळीवर शोभेसाठी मांडलेल्या बिया लवकर खवट होतात, हे पारदर्शक पाकिटे घेणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

यात सर्वांत नाजूक जवस. त्याच्या वजनाचा सुमारे चाळीस टक्के भाग तेल असते आणि त्या तेलातला निम्म्याहून अधिक वाटा अल्फा लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे ज्या ओमेगा-३ साठी आपण जवस खातो त्याचाच असतो. हेच आम्ल सर्वांत लवकर बिघडते. अख्ख्या जवसाची टणक साल त्याचे उत्तम रक्षण करते, पण नीट न चावता गिळलेला अख्खा जवस जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून जवस अख्खा साठवावा, मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावा आणि चटणी आठवडाभर पुरेल एवढीच कुटावी. दुकानात तयार मिळणारी जवसाची पूड किती दिवसांपूर्वी दळलेली आहे हे पाहिल्याशिवाय घेण्यात अर्थ नाही.

तिळातले कॅल्शियम हा आपल्याकडे अभिमानाचा विषय आहे. सालीसकट तिळात शंभर ग्रॅममागे ते हजार मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरते. परंतु त्यातले बरेचसे सालीत असते, आणि पांढऱ्याशुभ्र धुतलेल्या तिळात ते दहाव्या हिश्श्यापर्यंत उतरू शकते. सालीतले कॅल्शियम ऑक्झॅलेटशी बांधलेले असल्यामुळे सगळे अंगी लागत नाही हेही खरे, तरीही भाजून कुटलेला गावरान तीळ मला नेहमीच सरस वाटतो.

अळिवाबाबत थोडे कटू सत्य सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात अळिवातले लोह शंभर ग्रॅममागे १०० मिलिग्रॅम दिलेले होते आणि तो आकडा आजही सर्वत्र फिरतो. त्याच संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नव्या तक्त्यात तो त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. अळीव तरीही चांगलाच आहे, पण एका लाडवात पाच-सात ग्रॅमच अळीव जात असल्यामुळे बाळंतिणीच्या लोहाच्या गोळ्या त्यासाठी बंद करू नयेत. सोबत लिंबू किंवा आवळा दिला तर असलेले लोह अधिक शोषले जाते. आणखी एक काळजी: अळीव भिजवल्यावर त्याचा बुळबुळीत गोळा होतो, आणि कोरडे असताना निपचित पडलेले जंतू त्या ओलाव्यात वाढू लागतात. रात्रभर ओट्यावर भिजवून सकाळी तसाच सरबतात घालण्याऐवजी तो तासाभरापुरता भिजवून खोबरे-गुळासोबत नीट शिजवावा, किंवा खीर उकळावी.

जुनाजाणता

आमच्या आजीने कणग्यांतले, पोत्यांतले दाणे निवडून-पाखडून आयुष्यभर खाल्ले आणि ती नव्वदीपर्यंत धडधाकट होती. मायक्रोग्रॅम मोजत बसलो तर बाजारातली एकही वस्तू खाता येणार नाही. पाच किलो दाणे फेकून द्या असा सल्ला देणे मला अतिरेकी वाटते.

प्रयोगशाळेतून

आजीच्या निवडण्या-पाखडण्याविषयी मला पूर्ण आदर आहे. सॉर्टेक्सचे यंत्र तेच काम वीज वापरून करते. परंतु काही झाले नाही हे एका माणसावरून ठरवता येत नाही, कारण अल्प प्रमाणातल्या विषाचा परिणाम वर्षानुवर्षांनी दिसतो आणि तो दाण्याच्या नावावर कोणी लिहीत नाही. प्रमाण मोठे असले की मात्र तो लगेच दिसतो. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागांत अवेळी पावसात भिजून बुरशी लागलेला मका खाल्ल्यामुळे शेकडो लोकांना कावीळ झाली, शंभराहून अधिक दगावले, आणि त्याच घरांतले उरलेले अन्न खाणारी कुत्रीही मेली. तो मकाही घरात खाण्यासाठीच ठेवलेला होता. ज्यांच्या अंगी ब प्रकारची कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी, आधीच असते त्यांना हे विष कितीतरी अधिक बाधते.

सासूबाईंच्या आगीच्या मुद्द्याकडे परत येतो, कारण जंतूंच्या बाबतीतही तो अर्धाच खरा आहे. साल्मोनेलासारखे जंतू कोरड्या, तेलकट बियांत वाढत नाहीत, पण महिनोन्‌महिने जिवंत राहतात. शिवाय कोरडेपणी त्यांना उष्णता सोसण्याची ताकद येते. पाण्यात जे तापमान त्यांना काही क्षणांत मारते, त्याला ते कोरड्या तिळात पुष्कळ वेळ दाद देत नाहीत. त्यामुळे तीळ नुसता गरम करून चालत नाही, फुलून रंग बदलेपर्यंत सतत हलवत भाजावा लागतो. आणि भाजल्यानंतर तो पुन्हा त्याच परातीत, त्याच फडक्यावर ओतला तर केलेले काम वाया जाते. अमेरिकेत २००८-०९ मध्ये शेंगदाण्याच्या लोण्यातून साल्मोनेला पसरून सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि नऊ जण मेले. तिथेही दाणे भाजलेलेच होते. कारखान्याच्या मालकाला २०१५ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली.

मोडाची मटकी

विषयाला धरूनच विचारतो. मी कोरडी मेथी आणि मटकी आणून मोड काढतो आणि कच्चीच कोशिंबिरीत घालतो. बिया धुऊन घेतल्या तर पुरे आहे का?

प्रयोगशाळेतून

पुरे नाही. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तेवढीच मानवते, आणि बीच्या सालीच्या भेगेत बसलेला जंतू धुण्याने निघत नाही. जर्मनीत २०११ मध्ये कच्च्या मोडांतून ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचा एक घातक प्रकार पसरला, जवळपास चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक मेले. माग काढत गेल्यावर तो इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत पोहोचला. आपली उसळ शिजते, म्हणून आपण बरेचसे वाचतो. कोशिंबिरीसाठी मोड घ्यायचे तर उकळत्या पाण्यातून किंवा वाफेवर काढून घ्यावेत, आणि घरात बाळंतीण, लहान मूल किंवा वृद्ध असतील तर कच्चे देऊच नयेत. तसेच मोडांसाठी कृषी सेवा केंद्रातले पेरणीचे बियाणे कधीही वापरू नये. त्याला बुरशीनाशक चोळलेले असते आणि म्हणूनच ते गुलाबी किंवा निळसर दिसते.

मृद्गंधा

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना सगळी चर्चा वाचून दाखवली. दाणे टाकण्यास त्या तयार झाल्या, पण लाडवांसाठी नवीन दाणे आणल्यावर ते कुठे ठेवावेत, आणि ज्या दुकानातून आणले त्याच्याकडे तक्रार करण्यात काही अर्थ आहे का, असे त्यांनी विचारले आहे. शिवाय टाकायचेच तर गल्लीच्या टोकाला दूधवाल्यांचा गोठा आहे, तिथे गाईला द्यावेत किंवा गच्चीवर पक्ष्यांना घालावेत, असे त्या म्हणतात. अन्न कचऱ्यात टाकायला त्यांचे मन घेत नाही.

भुसारवाला

पावसाळ्यात पंधरा दिवसांचाच माल आणावा. आणल्यावर ऊन असेल तर ऊन दाखवावे, नसेल तर कढईत हलके गरम करून पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावे. गरम दाण्यावर झाकण लावले की झाकणाला घाम येतो आणि तो दाण्यावरच उतरतो. डबा ओट्याखाली, मोरीच्या भिंतीला लागून ठेवू नये. फ्रिजमध्ये ठेवला तर बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये, नाहीतर बाहेरची दमट हवा गार दाण्यावर पाणी धरते. दुकानदाराला दाणे नक्की दाखवा. शहाणा असेल तर तो त्या गोणीचा उरलेला माल मागे पाठवतो.

प्रयोगशाळेतून

तक्रारीपुरते सांगतो: २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यातल्या ४० व्या कलमानुसार ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. फक्त एक मूठ देऊन उपयोग नाही, कारण विष दाण्यादाण्यात वेगळे असते. निदान एक किलो माल नीट मिसळून द्यावा लागतो.

गाईला मात्र मुळीच देऊ नका. बुरशी लागलेले दाणे किंवा पेंड गाईने खाल्ली की अफ्लाटॉक्सिन तिच्या शरीरात थोडे बदलून दुधात उतरते, आणि त्यासाठी दुधाची वेगळी मर्यादा, किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, ठरवावी लागलेली आहे. त्याच गोठ्यातले दूध तुमच्या घरी येत असेल तर दाणे फिरून लेकीच्याच पेल्यात येतील. पक्ष्यांनाही घालू नका. या विषाचा शोधच पक्ष्यांमुळे लागला: १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की काही महिन्यांत मेल्या आणि कारण शोधता शोधता त्यांच्या खाद्यातल्या, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर बोट ठेवले गेले. दाणे कागदात घट्ट गुंडाळून ओल्या कचऱ्यात द्या, हाताळताना तोंडाला फडके बांधा म्हणजे भुकटी नाकात जाणार नाही, आणि नवीन दाणे भरण्याआधी तो पत्र्याचा डबा गरम पाण्याने धुऊन दिवसभर उन्हात उपडा ठेवा.